लायका, बार्नाक आणि मामाचा कॅमेरा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मामानं एक जुनी चामड्याची पेटी माझ्या हातात ठेवली. आत मऊ फडक्यात गुंडाळलेला काळा कॅमेरा. वरच्या पत्र्यावर लायका हे नाव कोरलेलं, शेजारी नंबर, आणि समोर आत-बाहेर सरकणारी भिंगाची नळी. मामाचा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, दहावीच्या फॉर्मचे पासपोर्ट फोटो असं सगळं. १९९५ च्या सुमारास त्यानं हा कॅमेरा एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडून घेतला, तेव्हाची दोन महिन्यांची कमाई मोजून. वापरला कधीच नाही. म्हातारपणाची सोय म्हणून कपाटात ठेवला. पुढे मोबाईल आले आणि स्टुडिओचं शटर कायमचं खाली आलं. आता मामाचं म्हणणं असं की मी हा विकावा, शेवटच्या वर्षाची फी भरावी आणि उरलेले पैसे आईकडे द्यावेत.

मी पेटी घेऊन हॉस्टेलवर आलो आणि अर्ध्या तासात खोलीत दहा जण जमले! कुणीतरी मोबाईलवर शोधून काढलं की जून २०२२ मध्ये जर्मनीतल्या वेट्झलार गावी एका लायकाचा लिलाव झाला आणि ती १ कोटी ४४ लाख युरोला गेली. रुपयांत शंभर कोटींहून जास्त! झालं, मेसमध्ये पार्टी कधी, इथपासून ते मी रेक्टरचा बंगला विकत घेणार इथपर्यंत चर्चा रंगली. मी मात्र एका गोष्टीवर अडकलो. हा कॅमेरा शंभर कोटींचा आणि दिसायला तसाच दुसरा काही हजारांचा, असं कसं? फरक नेमका कशात? तो शोधायला बसलो आणि कॅमेरा बाजूला राहून एका माणसाच्या आयुष्यात शिरलो. मित्रांनो, त्या माणसाचं नाव ओस्कर बार्नाक.

बार्नाकचा जन्म १ नोव्हेंबर १८७९ चा. जर्मनीच्या ब्रांडेनबुर्ग भागातलं लिनो नावाचं लहानसं खेडं. आपल्यासारखी सीईटी नाही, डिग्री नाही, कॉन्व्होकेशनचा काळा झगा नाही. तो शिकला उमेदवारी करून. बारीक यंत्रकाम करणाऱ्या कारागिराच्या हाताखाली कानस, लेथ आणि माप या तीन गोष्टी त्यानं हातात भिनवल्या. १९०२ मध्ये तो येना इथल्या झाइस कंपनीत लागला. भिंगांच्या दुनियेत झाइस म्हणजे केवढं मोठं नाव, हे सांगायला नकोच.

येनाच्या आसपास थुरिंगियाचं जंगल आहे. बार्नाकला तिथे भटकून निसर्गाचे फोटो काढायचा नाद लागला. पण त्या काळचा कॅमेरा म्हणजे हमाली! १३ बाय १८ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटा, त्यांचे लाकडी धारक, भलीमोठी पेटी आणि तिवई. आणि या माणसाला दमा. चढ लागला की छाती भरून यायची. आपण असतो तर कॅमेरा विकून मोकळे झालो असतो, किंवा सामान उचलायला ज्युनिअरला पकडलं असतं. यानं वेगळा विचार केला. चित्र छोटं घ्यावं आणि नंतर मोठं करावं. १९०५ च्या सुमारास त्यानं एकाच प्लेटवर अनेक छोटी चित्रं घ्यायचा प्रयोग केला. तो फसला. त्या प्लेटांचा कण इतका जाड की चित्र मोठं केलं की सगळं रवाळ दिसायचं. कल्पना बरोबर होती, पण तिच्या लायकीचं मटेरियल अजून मिळत नव्हतं. प्रोजेक्ट फसलेल्या प्रत्येकानं हे वाक्य जपून ठेवावं!

झाइसमध्ये त्याचा एमिल मेखाऊ नावाचा मित्र होता. हा मेखाऊ पुढे वेट्झलारच्या लाइट्झ कंपनीत गेला. लाइट्झ म्हणजे सूक्ष्मदर्शकं बनवणारा कारखाना. मेखाऊनं मित्राचं नाव सुचवलं आणि जानेवारी १९११ मध्ये बार्नाक तिथे रुजू झाला. पुढचं सगळं आयुष्य त्यानं याच गावात काढलं. प्रायोगिक विभाग त्याच्याकडे आला. मेखाऊ सिनेमाच्या प्रोजेक्टरवर काम करत होता आणि बार्नाकनंही स्वतःचा सिनेमा कॅमेरा बनवला. त्यामुळे ३५ मिलिमीटरची सिनेमाची फिल्म रोजच हाताखाली होती. प्लेटांपेक्षा हिचा कण बारीक. जुनी कल्पना पुन्हा जागी झाली.

सिनेमात फिल्म उभी धावते आणि एक चौकट असते १८ बाय २४ मिलिमीटरची. बार्नाकनं फिल्म आडवी धावू दिली आणि दोन चौकटी जोडून एक केली. २४ बाय ३६! एका चित्राला कडेची ८ भोकं. डिजिटल कॅमेऱ्यात आज ज्याला फुल फ्रेम म्हणतात ते माप हेच. दम्याच्या एका माणसानं खांद्यावरचं ओझं कमी करायला धरलेलं माप शंभर वर्षांनंतरही चालू आहे.

१९१३-१४ मध्ये त्यानं धातूचा छोटा नमुना तयार केला. आज त्याला ऊर-लायका म्हणतात, म्हणजे मूळ लायका. त्यात एक भारी गोष्ट होती. फिल्म पुढे सरकवायची चकती फिरवली की त्याच फिरण्यात शटरही ताणलं जायचं. एका चित्रावर दुसरं चित्र पडायची भीतीच गेली. थिअरी ऑफ मशिन्समध्ये आपण लिंकेजची गणितं सोडवतो ना, ती कशासाठी, ते इथे कळतं. हा कॅमेरा खिशात घालून बार्नाक वेट्झलारच्या गल्ल्यांतून हिंडला. १९१४ मध्ये मालक, म्हणजे दुसरा एर्न्स्ट लाइट्झ, एक नमुना अमेरिकेलाही घेऊन गेला.

आणि मग पहिलं महायुद्ध. कॅमेरा राहिला बाजूला. १९२० मध्ये लान नदीला पूर आला, वेट्झलारच्या रस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा बार्नाकनं त्याच नमुन्यानं पुराचे फोटो काढले. पण बाजारात काहीच नाही. नमुना तयार होऊन सहा वर्षं झाली होती.

१९२३ मध्ये कुठे सुमारे २५ कॅमेऱ्यांची चाचणी मालिका निघाली. हिला नल सेरी म्हणतात, शून्य मालिका. लोकांना वापरायला दिले. पसंती-नापसंती दोन्ही आली. एक अडचण तर अशी की शटरचे दोन पडदे परत ताणताना मधली फट बंद व्हायची नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी भिंगावर टोपी घालायची, मग चकती फिरवायची. विसरलात तर फिल्मवर उजेड पडला! शंभर कोटींना गेलेला कॅमेरा याच मालिकेतला, १०५ नंबरचा. बार्नाकनं स्वतः वापरलेला, त्याचं नाव कोरलेला.

त्या वेळी जर्मनीची अवस्था काय होती? १९२३ ची महागाई म्हणजे पाव घ्यायला पोतंभर नोटा. अशा दिवसांत सूक्ष्मदर्शकं बनवणाऱ्या कंपनीनं कॅमेऱ्यात पैसा घालावा का? जून १९२४ मध्ये बैठक झाली. जाणकारांची मतं दुभंगली. पण मंदीत कामगारांच्या हाताला काम हवं, हाही विचार लाइट्झच्या मनात होता. त्यानं जोखीम घ्यायचं ठरवलं. मार्च १९२५ च्या लाइपझिश जत्रेत लायका जगापुढे आली. लाइट्झचं ला आणि कॅमेऱ्याचं का! नमुन्यापासून दुकानापर्यंत अकरा वर्षं. बार्नाक तोवर पंचेचाळीस वर्षांचा झाला होता.

इथून पुढे माझ्या कामाचा भाग सुरू झाला. मी वहीत रकाने आखले आणि लक्षात आलं की या कॅमेऱ्यातला प्रत्येक बारीक बदल म्हणजे बार्नाक आणि त्याच्या सोबत्यांनी सोडवलेलं एकेक गणित आहे. संग्राहक ज्याला व्हेरिएशन म्हणून नाचतात, ते खरं तर त्याच्या कामाची डायरी आहे.

आधी भिंग बघा. ते बनवलं माक्स बेरेक यानं. पहिल्या थोड्या कॅमेऱ्यांवर अनास्टिग्मॅट हे नाव सापडतं, मग एल्मॅक्स, म्हणजे एर्न्स्ट लाइट्झ आणि माक्स यांची जोडी. त्या भिंगात काचेचे पाच तुकडे होते. पुढे चार तुकड्यांचं एल्मार आलं आणि तेच टिकलं. त्यामुळे भिंगावर एल्मॅक्स दिसलं की संग्राहकाचा श्वास अडकतो. सुरुवातीच्या काही कॅमेऱ्यांचं शटरचं बटण अळंबीच्या टोपीसारखं. दर्शनी बाजूला, भिंग अनंतावर अडकवायला, एक वाकडी पट्टी, तिला म्हणतात हॉकी स्टिक. अशा खुणांवरून वर्ष ओळखता येतं.

१९३० मध्ये भिंग काढता-घालता येऊ लागलं. ३९ मिलिमीटर व्यास आणि इंचाला २६ आटे. एकाच जोडात मिलिमीटर पण आणि इंच पण, मेट्रॉलॉजीच्या व्हायवाला विचारण्यासारखंच! पण पहिल्या कॅमेऱ्यांत प्रत्येक भिंग त्याच्याच शरीराशी जुळवलेलं असायचं. म्हणून भिंगावर त्या कॅमेऱ्याच्या नंबरातले शेवटचे तीन आकडे कोरायचे. दुसऱ्याचं भिंग लावलं तर फोकस गेलाच. १९३१ मध्ये हे अंतर सगळ्यांसाठी एकच ठरलं. जोडाच्या कड्यापासून फिल्मपर्यंत २८.८ मिलिमीटर. असा प्रमाणित कॅमेरा ओळखायचा कसा? जोडाच्या कड्यावर वरच्या बाजूला छोटंसं शून्य कोरलेलं असतं. बस, एक शून्य! आमच्या सरांनी इंटरचेंजेबिलिटी हा धडा दोन तास शिकवला होता तेव्हा मी मागच्या बाकावर झोपलो होतो. त्या शून्यानं मला तो दोन मिनिटांत शिकवला.

१९३२ मध्ये लायका दोन आली. तोवर अंतर मोजायला वेगळं यंत्र वर खोचावं लागे. आता रेंजफाइंडर आतच बसला आणि भिंगाला जोडला गेला. भिंग फिरवा, दोन प्रतिमा एक झाल्या की फोकस बरोबर. १९३३ च्या लायका तीनला समोरच्या अंगाला धिम्या वेगाची छोटी चकती आली आणि पट्टा अडकवायला कड्या आल्या. १९३५ मध्ये वेग १/१००० सेकंदापर्यंत गेला. आणि १६ जानेवारी १९३६ रोजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, बार्नाक गेला. पुढे १९४० मध्ये ओतीव शरीराचा तीन-सी निघाला. तो आधीच्यापेक्षा सुमारे ३ मिलिमीटर लांब आहे. म्हणजे व्हर्निअर लावला की बार्नाकच्या हयातीतल्या घडणीचा कॅमेरा कोणता आणि नंतरचा कोणता, हेसुद्धा कळतं! तरी आटेवाल्या सगळ्याच जुन्या लायकांना संग्राहक आजही बार्नाकच्या लायका म्हणतात.

आता परत मामाच्या कॅमेऱ्याकडे. समोर धिम्या वेगाची चकती नाही, पट्ट्याच्या कड्या नाहीत, रेंजफाइंडर आहे. म्हणजे रूप लायका दोनचं, १९३२ किंवा त्यानंतरचं. आणि नंबर यादीत पाहिला तर निघाला १९२९ चा! पहिल्यांदा पोटात गोळा आला. मग आणखी वाचलं आणि जीव भांड्यात पडला. लाइट्झची एक पद्धत होती. जुना कॅमेरा कारखान्यात पाठवला की ते त्याला नवा रेंजफाइंडर, नवा जोड, हवी तर धिमी चकतीही बसवून द्यायचे, आणि नंबर जुनाच ठेवायचे. म्हणजे नंबर सांगतो जन्म आणि शरीर सांगतं पुढचं आयुष्य. गंमत बघा, वापरणाऱ्याला तेव्हा याचा आनंद व्हायचा, कारण नव्याचे पैसे वाचायचे. आजचा संग्राहक मात्र हळहळतो, कारण त्याला अनाघ्रात कॅमेरा हवा असतो. मला वाटतं बार्नाकला हे हळहळणं कळलंच नसतं. तो स्वतः आयुष्यभर आपला कॅमेरा सुधारत राहिला.

तर मामाचा कॅमेरा असा सुधारलेला असू शकत होता. मी दोन रात्री त्याच आशेवर काढल्या. फीचा हिशोबसुद्धा मांडला.

तिसऱ्या रात्री शेवटची तपासणी राहिली होती. भिंग उलटं फिरवून काढायचं आणि वरच्या बाजूला आत डोकावायचं. तिथे रेंजफाइंडरचा दांडा असतो. भिंगाच्या मागच्या कडेवर तो टेकतो आणि भिंग मागे-पुढे होईल तसा हलतो. लायकामध्ये या दांड्याच्या टोकाला छोटंसं गोल चाक असतं, रोलर. घर्षण कमी, झीज कमी. रूममेटनं टॉर्च धरला. मी बघितलं. मग त्यानं बघितलं. कुणीच बोललं नाही.

टोकाला चाक नव्हतं. पाचर होती. गुळगुळीत, पाचरीच्या आकाराचा धातूचा तुकडा.

ती पाचर म्हणजे सोव्हिएत घडणीची खूण. युक्रेनमधल्या खारकीव्हला अनाथ, रस्त्यावरच्या मुलांची एक वसाहत होती, जेर्झिन्स्कीच्या नावाची. शिक्षणतज्ज्ञ मकारेंको तिथे होता. त्या मुलांनी लायका दोन उघडून, मोजून, तिची नक्कल उभी केली आणि १९३४ पासून ती कारखान्यातून निघू लागली. जेर्झिन्स्कीच्या पूर्ण नावाच्या आद्याक्षरांवरून नाव ठेवलं फेड. युद्धानंतर तिची बहीण झॉर्कीही आली. कित्येक वर्षांनी काही हुशार लोकांनी या कॅमेऱ्यांवरचं मूळ नाव घासून काढलं, वर लायका कोरलं, वाटेल तो नंबर टाकला आणि विकायला काढले. मी मामाचा कॅमेरा तिरप्या उजेडात धरला. वरच्या पत्र्यावर घासल्याच्या खुणा आधीही असणारच. मला त्या आधी बघायच्या नव्हत्या, एवढंच.

खोलीतली पोरं हळूहळू पांगली. मला राग आला तो कॅमेऱ्याचा नाही. फेड हा प्रामाणिक कॅमेरा आहे. ज्यांना घर नव्हतं अशा पोरांनी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत काम करून तो बनवायला सुरुवात केली. खोटं आहे ते वरचं कोरीवकाम. त्यानं मामाला फसवलं आणि ज्यांनी बनवला त्यांचंही नाव पुसलं.

प्रश्न होता मामाला सांगायचं कसं. फोनवर धीर झाला नाही. पुढच्या शनिवारी एसटी पकडून गेलो. वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती, पण मामासमोर सगळी विसरलो. शेवटी भिंग काढलं, टॉर्च लावला आणि बार्नाकपासून सगळं सांगत गेलो. दमा, जंगल, प्लेटा, अकरा वर्षं, शून्य, रोलर, पाचर. मामा मध्ये काही बोलला नाही. मग चष्मा कपाळावर सरकवून स्वतः आत बघितलं, बराच वेळ. हसला. तीस वर्षं कपाटात ठेवला आणि एकदा उघडून बघितला नाही, यावर स्वतःलाच एक शिवी हासडली. आणि मग फोटोग्राफर जागा झाला. शटर चालतंय का, पडद्याला भोकं पडलीत का, फिल्म मिळते का आता, एकामागून एक विचारायला लागला.

फी शेवटी कर्ज काढून भरली. फिल्म मिळाली, महाग मिळाली. मामानं छत्तीसच्या छत्तीस चित्रं गावच्या बाजारात काढली. त्यातली एकोणीस आली, बाकी पडद्याच्या भोकांनी खाल्ली. पण ती एकोणीस चांगली आहेत. एक माझ्या टेबलावर लावलंय. येऊन बघा, खोली उघडीच असते.

आता हॉस्टेलमध्ये कुणीही जुना कॅमेरा आणला की माझ्याकडे पाठवतात. मी नंबर बघत नाही. आधी भिंग काढतो. नाव कुणीही कोरू शकतं, पण आतलं काम लपत नाही. बार्नाककडे डिग्री नव्हती, पण त्याच्या कॅमेऱ्याच्या पोटात डोकावलं की तो कोण होता ते कळतं. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट सुरू झालेत. काही जण तयार प्रोजेक्ट विकत आणून वर आपलं नाव घालणार, हे मला ठाऊक आहे. व्हायवाला कुणीतरी टॉर्च लावून आत बघेल, एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं!

(अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)